परतीचा फोन

एकदा एक लसींचा मोठा व्यापारी होता. चार शहरांत त्याची चार शीतगृहे होती. तान्ह्या मुलांच्या लसी तिथे जपून ठेवलेल्या असत आणि चारही ठिकाणचा गारवा मुख्य कचेरीतल्या एका संगणकावरून राखला जाई. तो संगणक सांभाळणारी तरुणी मोठी कष्टाळू. ज्या वृद्ध गुरुजींपाशी ती ही विद्या शिकली, त्यांना तिने एकदा काम पाहायला बोलावले. पासवर्ड, पहारे, कुलपांवर कुलपे, सगळे उत्साहाने दाखवले. गुरुजींनी धड पाहिलेही नाही. चहा घेतला, छान आहे म्हणाले आणि घरी गेले. शिष्या जरा हिरमुसलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींचा फोन आला. "पोरी, काल तुझ्या कामात एक चूक दिसली, सांगायची राहिली. दोन मिनिटं तुझा संगणक इथून माझ्या हाती दे, मी दुरुस्त करतो. पण लवकर कर."

तिने परवानगीचे बटण दाबले. पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला, चौथ्या शीतगृहापाशी थांबला आणि तिथल्या एका खोलीचा गारवा बंद झाला. खोली त्या दिवशी रिकामी होती म्हणून निभावले. गारवा पुन्हा सुरू करून ती तडक गुरुजींकडे गेली, तर हे महाशय ओसरीवर शांतपणे शेंगा सोलत बसलेले.

"गुरुजी, हे काय केलंत?"

"तुझ्या एका तरी कुलपाला हात लावला का मी? दार तूच उघडलंस."

"तुमचा आवाज होता. तुम्हाला उलट विचारणं बरं दिसतं का?"

"तेच तर. आपल्यात मोठ्या माणसाला उलट विचारत नाहीत, हे चोरालाही ठाऊक असतं. आवाजाची नक्कल आता सहज करता येते. तो माझा नाहीतर तुझ्या मालकाचा आवाज घेऊन येईल आणि घाई करेल. तेव्हा फोन ठेवायचा आणि आपल्या वहीत आधीपासून असलेल्या नंबरावर आपण परत लावायचा. माणूस तिथे भेटला तर दार उघड. नाही भेटला तर ब्रह्मदेव आला तरी उघडू नकोस. माझ्या रागाची काळजी करू नकोस. माझा राग दोन दिवसांत जाईल, पण उबलेली लस पुन्हा कामाची होत नाही."

महिन्याभराने, मोठ्या लसीकरणाच्या आदल्या दिवशी, अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज मालकांचा, शेठजींचा होता. "माझा मोबाईल बंद पडलाय, ड्रायव्हरच्या फोनवरून बोलतोय. दुसऱ्या शीतगृहाचा ताबा या फोनवर दे. आत्ताच्या आत्ता."

"शेठजी, मी तुमच्या नंबरावर परत लावते."

"अगं, तो बंद आहे म्हणून सांगतोय ना."

"मग ताबा देता येणार नाही."

"तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होते. तरी "बरं" म्हणून तिने फोन ठेवला. वहीतला नंबर लावला, तो बंदच होता. मग चारही शीतगृहांना कळवले की मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका, आणि जागेवरून हलली नाही.

तासाभराने दारात मोटार थांबली. आत आले ते खुद्द शेठजी, लालबुंद होऊन. मघाचा फोन खरोखर त्यांनीच केला होता. त्यांनी गुरुजींनाही बोलावून घेतले. "तुमच्या शिष्येने मला माझ्याच कोठाराबाहेर उभं केलं. माझा आवाज ओळखत नाही ती?"

"ओळखते. म्हणूनच तिला जड गेलं असणार," गुरुजी म्हणाले. "आज आवाज ऐकून तिने ताबा दिला असता, तर तुम्ही खूश झाला असता. उद्या दुसऱ्या कुणी तोच आवाज काढून मुलांच्या लसी नासवल्या असत्या. मग कोणाला कामावरून काढलं असतं?"

शेठजींनी तिची वही मागून घेतली आणि आपल्या नावाखाली आणखी एक नंबर लिहिला.

"हा घरचा. मोबाईल लागला नाही तर इथे विचार. दोन्हीकडे नाही भेटलो, तर आज केलंस तेच कर," ते म्हणाले. "आणि सकाळी वेळेवर ये, गाड्या भरायच्या आहेत."