भवानीचं गिऱ्हाईक

हेरवाडकर सर रंगांविषयी विचारतील, अक्षरांविषयी विचारतील, असं वनिताला वाटलं होतं. त्यांनी विचारलं,

"गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणालीस?"

वनिता हसली. "दुकानदार नाही म्हणतो का, सर? माल संपला तर 'उद्या येतोय' म्हणायचं."

"आणि उद्या?"

"उद्या परवा."

सरही हसले.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत वनिताचं कटलरी-स्टेशनरीचं छोटं दुकान होतं. ते भाड्यानं देऊन पुण्याला ग्राफिक डिझाइन शिकायला जायचं तिच्या मनात होतं. भाडेकरूला उद्या दुपारपर्यंत कळवायचं होतं. सरांनी आयुष्यभर तेच शिकवलं होतं, म्हणून ती विचारायला आली होती... मला जमेल का?

येताना तिनं एक कागद आणला होता. शेजारच्या मसाला कांडपासाठी तिनं स्वतः काढलेली जाहिरात. पांढऱ्या कागदावर एकच लाल मिरची, जराशी वाकडी. खाली बारीक अक्षरांत नाव.

सर बराच वेळ पाहत राहिले.

"समज, कांडपाचा मालक मीच," ते म्हणाले. "फोन नंबर दिसत नाही. मोठा घाल."

तिनं घातला.

"देव कुठं आहे? गणपती काढ."

काढला.

"आणि मी?"

तिनं मालक काढला, फेट्यासकट.

"मिशा कमी वाटतात."

मिशा वाढल्या.

"'आमची कुठेही शाखा नाही' राहिलं की."

"त्याला जागा नाही, सर..."

"बघ, होते का."

तिनं जागा केली.

सरांनी कागद तिच्यासमोर धरला. "मिरची कुठाय?"

वनितानं शोधली. मालकाच्या फेट्याखालून फक्त देठ दिसत होता.

"तुम्हीच सांगितलंत."

"मी गिऱ्हाईक होतो... तू कोण होतीस?"

वनिता कागदाची गुंडाळी करून उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "मग मी जाऊ का नको?"

"दुकान किती वाजता उघडतेस?" सर म्हणाले.

सकाळी तिनं उदबत्ती लावली, तोच सर पायरीवर उभे.

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते रिकाम्या हातानं परत गेलं तर दिवस वाया, असं त्या पेठेत सगळेच मानतात. भवानीसाठी वडिलांनी तोट्यात माल दिलेला वनितानं पाहिला होता.

"कालचा कागद दे," सर म्हणाले. "कांडपवाल्याला आवडेल तो. मीच नेऊन देतो." त्यांनी शंभराची नोट पुढे केली.

शेजारचा कापडवाला झाडता झाडता थांबला. "देऊन टाका, ताई. भवानी आहे."

वनितानं गल्ल्याखालून गुंडाळी काढली. एक हात नोटेकडे गेला...

"नाही, सर."

"पैसे कमी पडले?"

"पैशाचं नाही. हा कागद मी देणार नाही. त्यांना दुसरा करून देईन."

"त्याला दुसरा आवडला नाही तर?"

"तर नाही आवडला."

"भवानी आहे, वनिता."

"माहीत आहे."

"बरं. मग यात वाईट काय आहे, तेवढं सांग."

तिनं गुंडाळी उलगडली. मिशांवर बोट ठेवलं, उचललं. फोन नंबरावर ठेवलं... तेही उचललं.

"सांगता येत नाही, सर... पण नाही."

सरांनी नोट खिशात घातली. कापडवाला मान हलवत आत गेला.

वनिता पायरीपर्यंत आली. "भाडेकरूला हो म्हणून कळवते," ती म्हणाली. "जाते मी पुण्याला."

"जा," सर म्हणाले. "आणि यात वाईट काय, ते कळलं तर मलाही सांग."