धूमगिरीचा राखणदार

पूर्वी नागकेसर द्वीपावर शीलवर्मा राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने एका नावाड्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सुयाम. तक्षशिलेला विद्या शिकून तो मोठ्या उमेदीने परतला आणि राजाने त्याला धूमगिरीवरच्या, शिकार आणि झाडतोड वर्ज्य असलेल्या अभयवनाचा राखणदार नेमले. धूमगिरीच्या पोटात अग्नी होता. डोंगर जागा होऊ लागला की राखणदाराने शंख फुंकायचा आणि पायथ्याच्या गावाने होड्यांत बसून समुद्रात दूर जायचे, अशी तिथली रीत होती.

तिसऱ्या वर्षी सुयामने शंख फुंकला. गाव समुद्रात गेले. डोंगर नुसता धुमसला. लोक परतले तेव्हा अभयवनातल्या रानडुकरांनी उभे भात फस्त केले होते. त्या दिवसापासून त्याच्याशी कोणी बोलेना. सांबरे तेवढी झोपडीपाशी येऊन उभी राहत. स्वतःचा आवाज विसरू नये म्हणून तो शिकलेले पाठ मोठ्याने म्हणे.

अशी बारा वर्षे गेली. एका सकाळी सांबरे झऱ्यापाशी आली आणि पाणी न पिताच फिरली. सुयामने हात घातला. पाणी कढत होते. त्याने जीव तोडून शंख फुंकला. खाली एकही होडी हलली नाही. तेव्हा तो स्वतःच उतरला.

"या, शंखोबा!" गावचा मुखिया भद्रक म्हणाला. "आज कुणाच्या डुकरांना जेवण घालायचंय?"

लोक खदाखदा हसले.

"हसा, पण निघा," सुयाम म्हणाला. "झऱ्याला कढ आलाय."

"आणि काही झालं नाही तर? वन आम्हाला देशील? तोडून भात लावू."

सुयामने वर पाहिले. डोंगर फुटला तर वन जळणार होते. न फुटला तर तुटणार होते. त्या वनावाचून त्याचे कोणी नव्हते.

"मी स्वतः राजाकडे तुमच्यासाठी मागेन," तो म्हणाला. "पण जाताना शेतांची कुंपणं उघडी टाका. सांबरांना होड्या नाहीत."

कुंडला म्हातारी काठी टेकत उठली. "सगळं तर दिलं की त्यानं! आता काय जीव मागतोस? ढकल होडी, भद्रका."

दुपारी डोंगर फुटला. गावातले एकही माणूस दगावले नाही. सांबरे किनाऱ्यावर छातीभर पाण्यात उभी होती. होडीत भद्रकाने सरकून सुयामला जागा दिली. सुयाम सर्वांकडे पाठ करून बसला आणि शेवटचे झाड जळेपर्यंत पाहत राहिला.

एवढे सांगून भगवंतांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला: "भद्रक तो आजचा उदायी. कुंडला ती महाप्रजापती गौतमी. सुयाम मी होतो. भिक्षूंनो, जे नको झाले ते सोडणे सोपे. ज्याच्यावाचून आपण एकटे उरतो, तेही दुसऱ्यांच्या जिवासाठी सोडणे, तो त्याग."