मागचं दार

त्या राज्यात समुद्र वर होता आणि घरं खाली. मधे मातीचा एक जुना बांध होता, आणि बांध आहे म्हणून आपण आहोत, हे तिथलं अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लूही जाणून होतं. नगर फार पुरातन. कालव्यांच्या काठानं उंच, अरुंद घरं एकमेकांना खांदा लावून उभी होती. जिने इतके निमुळते की सामान वर न्यायचं तर छपराच्या टोकाच्या आकड्याला दोर बांधून खिडकीतून ओढून घ्यावं लागे. खिडक्यांना पडदे नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसे, आणि कुणी बघत नसे.

या नगरात मुरमाजी साळिंदर राहायला आला.

मुरमाजी लांबच्या पठारावरचा. तिथली जमीन मुरमाड, आणि पाणी म्हणजे वर्षातून चार महिने ओढ्यात दिसणारी वस्तू. अलीकडे तर तेही दोनच महिने. इकडे नगराचे कालवे गाळानं भरत चालले होते. खणणारे हवे होते, आणि मुरमाजीसारखा खणणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. नगरानं आवतण धाडलं, बांधाला पाठ लावून असलेलं एक घर दिलं. बायको खडकाई आणि दोन पिल्लांना मागे ठेवून तो निघाला. आधी आपलं बस्तान बसवायचं, मग त्यांना आणायचं, असं ठरलं.

काम त्याला जमलं. नव्याचे नऊ दिवस कौतुकातही गेले. पण जीव काही थाऱ्यावर येईना. घरात तो सारखा फेऱ्या मारी, बसला तरी दाराकडे तोंड करून बसे, आणि अंगावरचे काटे कारण नसताना वाजत राहत. एकदा न राहवून त्यानं शेजारच्या बगळीणबाईंचं दार वाजवलं.

"आपलं ठरलं होतं का?" बाईंनी अदबीनं विचारलं.

"नाही. सहज आलो."

"सहज?" बाईंनी मान तिरकी करून तो शब्द जरा तपासला आणि पुढच्या पंधरवड्यातला बुधवार दिला. बुधवारी त्यांनी मनापासून स्वागत केलं, डब्यातली एक वडी पुढे ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. पठारावर पाहुण्यानं तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा वाढतात. इथं मुरमाजीनं पहिल्यांदा नको म्हटलं आणि तेच खरं धरलं गेलं. मंडळी वाईट नव्हती हो. पण भल्या मंडळींतही परकं वाटू शकतं, आणि मग तक्रार तरी कुणाची करायची?

अशात करकोचा आला. तो दर हंगामाला पठार ते नगर ये-जा करी आणि निरोप पोचवी. खडकाईचा निरोप त्यानं तिच्याच शब्दांत सांगितला: "ओढा आटला. पोरांना घेऊन यावं म्हणते. पण अहो, घराला मागचं दार आहे ना? नसलं तर मी उंबरा ओलांडायची नाही, आत्ताच सांगून ठेवते."

हा खडकाईचा हट्ट नव्हे. साळिंदरांत एका दाराच्या बिळाला घर म्हणतच नाहीत, सापळा म्हणतात. सोयरीक ठरवताना मुलीचा बाप पुढून आत शिरतो, मागून बाहेर पडतो, अंग झटकतो आणि मगच सुपारी फुटते.

"पौर्णिमेला परत निघणार मी," करकोचा म्हणाला. "तोवर काय ते सांग."

घराला दार एकच होतं. मागे बांध. आणि नगरात पाऊल ठेवल्या दिवशी त्याला जो पहिला नियम ऐकवला होता, तो हाच, की बांधाला नख लावायचं नाही. मुरमाजी दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, आळी कामावर गेलेली असताना, त्यानं मागच्या खोलीत पहिली माती उकरली.

आठव्या दुपारी पंजा मोकळ्या हवेत गेला. बाहेर लांबच लांब ओली वाळू चमकत होती आणि पाणी पार क्षितिजाशी होतं. मुरमाजी हरखला. एवढ्या लांबचं पाणी आपलं काय वाकडं करणार? त्याच्या पठारावरचं पाणी असे तिथंच असे, नाहीतर आटे. उठून चालत येणारं पाणी त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तो भोकाच्या तोंडाशी बसला. दुरून डोंगर साजरे दिसतात म्हणतात. इथून डोंगर दिसतच नव्हता, तरी तो पठाराच्या दिशेला बघून पोटभर रडला आणि तिथंच गाढ झोपी गेला. आल्यापासूनची ती पहिली झोप.

मग रोजचंच झालं. काम उरकलं की तो भोकाशी जाऊन बसे आणि बसल्या बसल्या झोपी जाई. बगळीणबाईंनी दिलेला पुढचा बुधवारही तो साफ विसरला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मागच्या खोलीतली जमीन ओली झाली. त्यानं गवतानं पुसून घेतली. दुसऱ्या सकाळी बगळीणबाईंची जमीनही ओली होती. आणि त्याच सकाळी दारावर थाप पडली.

बांधाची राखण करणारं म्हातारं पाणमांजर आलं होतं. सगळे त्यांना बांधकरी म्हणत. ते न ठरवता आले होते. त्या नगरात न ठरवता कुणी आलं, की समजावं.

त्यांनी भोक पाहिलं. "ओहोटीला खणलंस."

"ओहोटी म्हणजे?" मुरमाजीनं विचारलं.

बांधकऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग निम्मा उतरला. "पाणी जातं तसं परत येतं. आज संध्याकाळी पौर्णिमेची भरती. हे असंच राहिलं तर तुझ्या छपराच्या आकड्याला मासे लागतील. माझ्याही."

बांधकऱ्यांनी त्याला शेजारी नेलं. बगळीणबाईंनी काही न विचारता मागच्या खोलीतली चटई बाजूला केली. बांधाच्या मातीत एक गोल ठिगळ होतं, काठाला चोचीच्या खुणा.

"हे माझं," बाई खाली बघत म्हणाल्या.

"माझी दोन आहेत," बांधकरी म्हणाले. "दुसरं बायको गेल्यावर खणलं. आता ऐक. बाहेरून बुजवलंस तर बाहेर राहशील. आतून बुजवलंस तर आत. मी जाब विचारणार नाही. फक्त अर्धवट सोडू नकोस."

बगळीणबाईंनी ओल्या चिकणमातीचे गोळे करून दिले. बरेचसे वाटेत बोगद्यातच ठेवत, उरलेले ढकलत मुरमाजी पार बाहेर वाळूवर आला. पाणी आता बरंच जवळ होतं. करकोचा घोटाभर पाण्यात उभा होता.

"निघालो मी. काय सांगू?"

मुरमाजी वाळूवर उभा राहिला. भोक इथूनच बुजवावं आणि चालू लागावं. बांध वाचेल, कुणी बोल लावणार नाही, आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं गेलं तर महिन्याभरात पठार. पायांना तर तेच हवं होतं. पण पठारावर ओढा आटला होता, आणि पोरं तिथं तहानेली होती.

तो वळला. भोकात आधी मागचे पाय घातले, तोंड बाहेर ठेवून सरकत आत गेला आणि पहिला गोळा ओढून घेतला.

"सांग, मागचं दार नाही."

"मग ती यायची नाही."

"होतं म्हणावं, मी बुजवलं. शेजारणीचं घर भिजत होतं म्हणावं. खडकाई आहे ती, तिला तेवढं कळेल. पुढचं दार उघडं ठेवतो."

करकोच्याचे पंख वाजले. मुरमाजीनं दुसरा गोळा दाबला, मग तिसरा. उजेड बोराएवढा राहिला, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, मग नाहीच. बोगदा अरुंद, वळायला जागा नव्हती. गोळा दाबायचा आणि वीतभर मागे सरायचं. साळिंदराचे काटे मागे झुकलेले असतात. पुढे जाताना ते भिंतीवरून निसटतात, मागे सरताना एकेक रुततो. कळ मस्तकात जाई. काटा मोडे, तिथंच राही, त्याच्यावर माती बसे. पलीकडून लाट आदळल्याचा आवाज आला. ठिगळ हललं नाही.

संध्याकाळ झाली तेव्हा बगळीणबाई आणि बांधकरी त्याच्या मागच्या खोलीत वाट बघत उभे होते. भिंतीतल्या भोकातून आधी शेपूट आलं, मग निम्मे काटे गळालेली पाठ, आणि पठाराकडे केलेलं तोंड सगळ्यात शेवटी नगरात आलं.