विझल्यानंतरचा जोर

"मागून धडक बसलीच कशी?" केळुसकर सरांनी विचारलं.

समोर निरंजन मान खाली घालून बसला होता. सर निवृत्त झाले तेव्हा अग्निबाणाचे टप्पे उडता उडता वेगळे करण्याचं त्यांचं काम या शिष्याकडेच आलं. गेल्या उड्डाणात ते फसलं आणि अग्निबाण समुद्रात पडला.

"खालच्या टप्प्याचं इंधन संपलं, सर. आम्ही तो सोडला. तो मागून येऊन वरच्यावर आदळला."

"इंधन संपलं होतं ना?"

"विझल्यावरही थोडा जोर उरतो..."

"हे तुला ठाऊक नव्हतं?"

निरंजन अंगणातल्या पोफळींकडे बघत राहिला. ठाऊक होतं. टप्पा विझला की जरा थांबायचं, मगच सोडायचा, हे सरांनीच शिकवलं होतं. त्याने तो वेळ निम्म्यावर आणला. ही म्हाताऱ्यांची भीती आहे, असं भर बैठकीत म्हणालाही. लोक हसले होते आणि त्याला ते आवडलं होतं.

खरी लाज पुढेच होती.

"सर, चौकशी समितीला मी सांगितलं... की हा कमी केलेला वेळ तुम्हीच ठरवलेला."

खापर फोडायला निवृत्त माणूस सोयीचा असतो. तो बैठकीला येत नाही.

सर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"उद्या पुन्हा बोलावलंय. खरं सांगतो."

"सांग."

एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. निरंजनला तिथे बसवेना. तो उठला, सरांच्या पायांना हात लावला न लावला आणि झटकन वर आला.

सर तेव्हाच आशीर्वाद द्यायला त्याच्यावर वाकत होते. त्याचं डोकं त्यांच्या हनुवटीवर आदळलं. सरांच्या ओठातून रक्त आलं.

शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पुन्हा वाकला आणि तसाच राहिला.

डोक्यावर हात टेकला. हाडकुळा, पण चांगलाच जड.

बराच वेळ गेला... निरंजनला रडू आवरेना. ते दिसू नये म्हणून तो उठू लागला.

हात तसाच दाबून सर म्हणाले, "थांब जरा. मी अजून पुरता विझलेलो नाही."