शेवटचा काळा चेंडू

खेळ बुडवला तो पागनीस सरांनी. हे मी त्यांच्या पाठीमागे नाही, तोंडावर बोललो.

"मग लोक का येत नाहीत, सर? सांगा ना."

सर क्यूच्या काठीच्या टोकाला चॉक लावत राहिले.

आमच्या जिल्ह्याच्या स्नूकर संघटनेचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं याच माणसाकडे. हॉलमध्ये बोलायचं नाही. फटका बसेपर्यंत खोकायचंसुद्धा नाही. प्रेक्षक गेले, जाहिरातवाले गेले. स्पर्धा जिंकल्यावर बक्षीस काय, तर स्टीलचा डबा. या खेळापायी मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडलं. डबा घरी नेला, तर आईनं त्यात तूरडाळ भरली.

"तू काय करशील?" सरांनी विचारलं.

"गाणी लावीन. रंगीत दिवे. फटक्याला वीस सेकंद, मग भोंगा. पंपवाले चोरडिया शेठ पैसे घालायला तयार आहेत. तुम्ही फक्त बाजूला व्हा."

"नाही झालो तर?"

"तर कुलूप लावा. तुम्हा म्हाताऱ्यांना तेवढंच जमतं."

...

"एक फ्रेम खेळू," सर म्हणाले. "तुझ्या भोंग्यासकट. शेठनाही बोलाव. तू जिंकलास तर मी राजीनामा देतो, हॉलची किल्ली तुझी. मी जिंकलो तर भोंगा घरी ने."

रविवारी शेठ आले. खुर्चीत बसले आणि मोबाइल काढला.

गाणी वाजत होती. माझा दोस्त अल्ताफ पंच होता, भोंगाही त्याच्याच हातात. मी धडाधड चेंडू पाडत होतो. मध्येच शेठनी वर बघितलं, जांभई दिली, पुन्हा मान खाली.

शेवटी टेबलावर पांढरा आणि काळा, एवढेच उरले. मी तीन गुणांनी पुढे होतो. पाळी सरांची. सात गुणांचा काळा पडला की सर जिंकले, आणि तो पॉकेटच्या तोंडाशीच होता. शेंबडं पोर पाडेल असा.

मी क्यू भिंतीला टेकवून ठेवला.

सर वाकले. टेबलावर हात ठेवला. नेम धरला.

मग सरळ उभे राहिले.

"फाउल," ते म्हणाले.

अल्ताफ माझ्याकडे बघायला लागला. "सर, मला तर काही दिसलं नाही."

"पांढऱ्याला बाही लागली."

काळ्यावर फाउल झाला की फ्रेम तिथेच संपते. म्हणजे मी जिंकलो होतो. मी हात वर करायला हवे होते. केले नाहीत. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

"ते गाणं बंद करा," शेठ म्हणाले. मोबाइल मांडीवर उलटा पडला होता. "काय झालं? हे जिंकत होते ना?"

"हो," मी म्हणालो.

"कुणी बघितलं नव्हतं?"

"नाही."

"मग?"

सर जाऊन खुर्चीत बसले, हरलेल्यानं बसावं तसे.

हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज. शेठ उठून टेबलापाशी आले, त्या काळ्या चेंडूकडे वाकून बघत राहिले.

"यांची पुढची फ्रेम कधी आहे?" त्यांनी मला विचारलं. "घरच्यांना घेऊन येतो."

ते गेल्यावर मी सरांपुढे उभा राहिलो. डोकं चालत नव्हतं. किल्ली माझी, शेठ माझे, आणि शेठ बघायला येणार कुणाला?

"सर, हे तुम्ही शेठना दाखवायला केलंत. हो ना?"

"मला जिंकायचं होतं."

"मग गप्प बसायचं. म्हणजे... मला कळत नाही. भोंगा ठेवू का काढू?"

सरांनी खिशातून किल्ली काढली, हिरव्या कापडावर ठेवली आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली.

"बाही लागली," ते म्हणाले. "हॉल गेला."