न पडलेलं छत

"पण मास्तर, छत पडलं नाही यात वाईट काय?"

पिदूरकर मास्तर अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती उभं आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन एकर तरी असेल. खाली एक खांब उरला नाही, आणि वर साधा ओरखडा नाही. असा दगड मी जन्मात पाहिला नाही."

"मीही नाही पाह्यला," मास्तर म्हणाले.

ते काही कौतुकानं म्हणाले नव्हते. पण नगराळ्यांना तसं वाटलं, आणि ते बाजेच्या कडेला जरा ऐसपैस बसले.

प्रफुल्ल नगराळे म्हणजे वर्धेच्या काठच्या त्या कोळसाखाणीचे मॅनेजर. त्यांच्या आधी त्याच खुर्चीत पिदूरकर बसत. नगराळे शिकाऊ म्हणून आले, त्या दिवशी पिदूरकरांनीच त्यांना पोराला बोटाला धरून न्यावं तसं खाली नेलं, छतावर काठी ठोकून आवाज ऐकायला शिकवलं. तेव्हापासून ते मास्तर झाले ते झालेच. नगराळे हुशार होते. हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

खाणीतली ही गोष्ट जरा उलटी आहे. कोळसा काढताना छत तोलायला कोळशाचेच जाडजूड खांब मागे ठेवतात. मग शेवटी, मागे सरत सरत, तेही काढून घेतात. खांब गेले की रिकाम्या झालेल्या जागेचं छत आपोआप थोडं थोडं कोसळत राहायला हवं. ते कोसळलं की खाणवाले निश्चिंत होतात. नाही कोसळलं, तर ते वरचं सगळं ओझं अंगावर घेऊन लटकत राहतं आणि कधीतरी एकदम खाली येतं. मग नुसता दगड मारत नाही. आतली सगळी हवा एका दणक्यात बाहेर फेकली जाते आणि लांब उभी असलेली माणसंही पाचोळ्यासारखी उडतात.

हे नगराळ्यांना माहीत नव्हतं असं नाही. हेच परीक्षेत लिहून त्यांनी पहिला नंबर काढला होता.

"सुरुंग लावून पाडून टाक," मास्तर म्हणाले.

"आठवडाभर काम बंद ठेवावं लागेल."

"ठेव."

"या महिन्यात खाणीनं कधी काढला नव्हता इतका कोळसा निघालाय, मास्तर. मोठ्या ऑफिसातून शाबासकीचे फोन येतात. आणि दगड चांगला आहे हो! मी स्वतः कडेला उभा राहून ठोकून पाहिला. खणखणीत वाजतो."

"चांगलाच आहे तो. म्हणून तर लटकला."

नगराळे हसले. मास्तर हसले नाहीत. टरफलं एकीकडे, दाणे सुपात, त्यांचे हात चालूच होते.

शेवटी नगराळे कामाचं बोलले.

"सकाळची पाळी कुरकुरत का होईना, खाली गेली. दुपारची मात्र अडून बसली आहे. त्या छताजवळ आम्ही जाणार नाही म्हणतात. मी समजावलं, दटावलं, पगार कापीन म्हणालो. ऐकत नाहीत. तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. खाणीच्या तोंडाशी उभं राहून एवढंच म्हणा, साहेब म्हणतात ते बरोबर आहे. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय म्हणू?"

"साहेब म्हणतात ते बरोबर आहे. बस."

...

तेवढ्यात मास्तरीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप नगराळ्यांच्या हातात देत म्हणाल्या, "भाऊ, साखर कमी टाकली. पोरीचा ताप उतरला का?"

"उतरला, काकू."

"थंडीचं कानाले बांधून देत जा तिले." असं म्हणून त्या आत गेल्या.

मास्तर त्या गेल्या तिकडे पाहत होते.

"मंगेश गेला त्या दिवशी तिनं तुले काय म्हटलं, आठवते?"

नगराळ्यांनी तोंडाशी नेलेला कप खाली घेतला.

मंगेश हा मास्तरांचा एकुलता एक मुलगा. याच खाणीत, नगराळ्यांच्या हाताखाली, एका तुकडीचा सरदार, म्हणजे मुकादम, होता. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात छतातून दगडाचा एक पाटा निसटला आणि मंगेश त्याखाली सापडला. प्रेत अंगणात आणलं तेव्हा मास्तरीणबाईंनी सगळ्या वस्तीसमोर नगराळ्यांची कॉलर धरली होती. माह्या लेकराले तुनं खाल्लं म्हणाल्या. तुहंही घर असंच रिकामं होईन म्हणाल्या. बायकांनी त्यांना ओढत आत नेलं. तेरवीपर्यंत त्या नगराळ्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या.

"आठवतं," नगराळे म्हणाले.

"आता तिची भीती वाटते?"

हा कसला प्रश्न, असं नगराळ्यांच्या मनात आलं. पण मास्तर उत्तराची वाट पाहत होते.

"नाही. खरं सांगतो, नाही वाटत. काय ते त्यांनी बोलून टाकलं. आता चहा देतात, घरचं विचारतात."

"अन् माही?"

...

नगराळ्यांनी कप खाली ठेवला.

ते दर रविवारी इकडे येत. मास्तर तुरीचं बोलत, थंडीचं बोलत, आपल्या दाढेचं बोलत. मंगेशचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा, बायको आत आक्रोश करत असताना, त्यांनी नगराळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, खाणीत होते असं. सारी वस्ती म्हणाली, माणूस असावा तर असा. नगराळेही चारचौघांत तसंच सांगत. फक्त दर रविवारी या गल्लीत वळताना त्यांची पावलं आपोआप मंदावत. मास्तरांच्या त्या शांत चेहऱ्याकडे फार वेळ बघवत नसे, आणि निरोप घेऊन बाहेर पडलं की पाठ घामानं भिजलेली असे. असं का होतं, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"वाटते," ते म्हणाले.

"काऊन? मी तर तुले काहीच म्हटलं नाही."

"म्हणूनच तर..."

नगराळे बोलता बोलता थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या कानांनी ऐकलं होतं. घरांच्या पलीकडे खाणीचं चाक दिसत होतं. त्याच्या खाली, खोल, सकाळची पाळी काम करत होती. आणि वरचं छतही अजून काहीच बोललं नव्हतं.

मास्तर उठले. त्यांनी नगराळ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच.

"मंगेश आदल्या रात्री जेवताना मले म्हणाला, बाबा, माह्या भागात टेकू कमी आहेत. साहेबाले सांगतलं, तर साहेब म्हणतात उद्या पाहू."

ही गोष्ट मंगेशबरोबरच गेली, असं नगराळे धरून चालले होते. चौकशीतही ती कुणी काढली नव्हती, आणि त्यांनीही मूग गिळले होते.

"मी काय म्हटलं असंन त्याले?"

"मास्तर, नका..."

"सांग न. काय म्हटलं असंन?"

नगराळे टरफलांच्या ढिगाकडे पाहत राहिले.

"मी म्हटलं, प्रफुल्ल माह्या हाताखाली तयार झाला. साहेब म्हणतात ते बरोबर आहे. जाय तू."

...

आणि मग मास्तरांचा आवाज फुटला.

"तुनं मारलं त्याले! टेकूले काय लागत होतं? अर्धा दिवस! तेवढा कोळसा कमी निघाला असता, तर तुहं नाक कापलं जात होतं? अन् मी मारलं. माहा चेला पहिला आला, माहा चेला मॅनेजर झाला, असं गावभर सांगत फिरलो, अन् तुह्या भरवशावर आपल्या लेकराले खाली धाडलं. दर रयवारी तू येतो. माह्यासमोर बसून चहा पेतो. अन् मी तुले दाढेचं सांगतो! मले वाटते, हे सूप तुह्या टाळक्यात हाणावं. तुहं तोंड पाहावं वाटत नाही मले. ऐकलं? नाही वाटत पाहावं!"

त्यांनी सूप खरंच उचललं. दाणे अंगणभर सांडले. पण ते त्यांच्याच्यानं फेकवलं नाही. ते सूप छातीशी धरून मास्तर उभ्या उभ्या रडू लागले, मोठ्यानं, लाज सोडून. मास्तरीणबाई धावत दारात आल्या. नवऱ्याला असं रडताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

नगराळ्यांना पळून जावंसं वाटलं. पण ते बाजेवरून घसरून खाली मातीत बसले.

"मी म्हणालो होतो उद्या," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो, मास्तर."

मास्तरांचे पाय धरायचीही त्यांना हिंमत झाली नाही.

मग त्यांनी खिशातून फोन काढून खाणीवरच्या ऑफिसात लावला.

"कोण, खिरटकर? सकाळची पाळी बाहेर काढा... सगळी. आत्ताच्या आत्ता... नाही, यंत्रं राहू द्या तिथंच. भरलेला कोळसाही राहू द्या. माणसं काढा... दुपारच्या पाळीला सांगा, कुणी उतरायचं नाही. त्यांचं बरोबर होतं म्हणावं. हो, असंच सांगा, माझं नाव घेऊन सांगा. आणि सुरुंगवाल्यांना बोलवा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मोठ्या ऑफिसाला मी सांगतो. माणसं वर येईपर्यंत फोन ठेवू नका."

नगराळे फोन कानाला लावून मातीत बसले होते. इतकी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. खालच्या एकेका माणसाचं नाव त्यांना आठवत होतं, आणि पलीकडून नुसती लोकांची गडबड ऐकू येत होती. मधेच खिरटकर म्हणाला, अर्धे आले. मग पुन्हा बराच वेळ काही नाही.

मास्तरीणबाई खाली वाकून दाणे वेचू लागल्या. त्यांचेही कान तिकडेच होते.

"आले?" मास्तरांनी विचारलं.

नगराळ्यांनी मान हलवली. अजून नाही.

...

"आले सगळे," ते एकदाचे म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "शेवटचाही आला."

यानं मंगेश परत येणार नव्हता. सुरुंग लावल्यावर ते छत मुकाट्यानं खाली येईल, याचीही कुणी हमी देत नव्हतं. मोठ्या ऑफिसात नगराळ्यांची खरडपट्टी निघणार होती, हे मात्र ठरलेलं होतं. आणि आता चौकशीवाल्यांना त्या 'उद्या'बद्दल सांगावं लागणार होतं. आणि ते त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं.

नगराळे उठले. कपड्यांची माती झटकायचंही त्यांना भान राहिलं नाही. फाटकापर्यंत गेले आणि तिथं घुटमळले.

"मास्तर... आता या घरी मी कोणत्या तोंडानं येऊ?"

मास्तर बाजेवर टेकले होते. रडून त्यांचा चेहरा सुजला होता, श्वास अजून नीट बसला नव्हता. त्यांनी दुपट्ट्यानं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच नगराळ्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"इतके दिवस तू अथी येऊन बसे न," ते म्हणाले, "तवा मले तुही काळजी वाटे. आता पडाचं ते पडलं. खुशाल येत जाय."