नगाऱ्यावर बसलेली राखणदारीण

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावापेक्षा गावाच्या तळ्याचे नाव मोठे होते. काठाच्या लव्हाळ्यात, पाण्यातल्या बाभळींवर, कमळाच्या पानांवर पाखरांची घरटी असत. या तळ्यावर शिकार करायची नाही, असा गावाचा जुना नेम. लांबलांबून पाहुणे पाखरे पाहायला येत.

पाहुणे काठावर जमले की राखणदाराने नगारा बडवायचा, ही रीत. सगळी पाखरे एकदम उडत, आभाळ भरून जाई, पाहुणे टाळ्या वाजवत आणि गूळपाणी घेऊन परत जात. मात्र वर्षागणिक थवा लहान होत चालला. म्हाताऱ्यांनी त्यावर उपाय काढला. नगारा आणखी मोठा केला.

त्या वर्षी राखणीची काठी भिवरा नावाच्या तरुण मुलीच्या हाती आली. नगारा वाजला की घरटी उघडी पडतात आणि कावळे, घारी अंडी पळवतात, हे तिने पहिल्याच खेपेला पाहिले. ती पारावर जाऊन तसे बोललीही. पारावरच्यांनी पानाला चुना लावत ऐकून घेतले आणि बैलांच्या गोष्टी सुरू केल्या.

पुढच्या खेपेला पाहुणे वेशीवर आले, तेव्हा भिवरा सरळ नगाऱ्यावर जाऊन बसली.

पाटील तावातावाने आले. "ऊठ पोरी. तुझ्या जन्माआधीपासून हा नगारा वाजतोय."

"म्हणूनच पाखरं सरत आलीत, आबा."

"मग पाहुण्यांना काय दाखवायचं? तुझं तोंड?"

"पाखरंच दाखवीन. बसलेली."

म्हातारे खवळले. कोणी तिचा बाप काढला, कोणी तिची जीभ. पण पाहुण्यांसमोर पोरीला ओढून काढणे शोभले नसते. शेवटी पाटलांनी अट घातली. सूर्य माथ्यावर येईपर्यंत पाखरे दिसली नाहीत, तर काठी खाली ठेवायची आणि पुन्हा तळ्याकडे फिरकायचे नाही. तळ्यावाचून भिवराला दुसरे जग नव्हते. तरी ती कबूल झाली.

तिने पाहुण्यांना पागोटी उतरवायला, जोडे काढायला लावले आणि सगळ्यांना लव्हाळ्याआड चिखलात बसवले. पाटलांनाही सोडले नाही. माणसांची चाहूल लागून पाखरे दडली होती. वेळ जाता जाईना. एका पाहुण्याने डास मारायला हात उगारला, तो तिने हवेतच धरला. सूर्य चढत होता, पाणी रिकामेच होते. पाटील मिशीतल्या मिशीत हसले. भिवरा हलली नाही.

मग कमळाच्या पानांवरून एक पाखरू लांब बोटे टाकत, पान न बुडवता चालत आले आणि आपल्या अंड्यांवर बसले. बाभळीवर बगळीने पिल्लाच्या घशात मासा घातला. एक पाणकोंबडी पाच पिल्ले घेऊन पाटलांच्या गुडघ्याजवळून पोहत गेली. पाटलांनी श्वास रोखून धरला. सूर्य माथ्यावर आला, कलला, तरी उठायचे कोणाला सुचले नाही.

परतताना पाटील हळूच म्हणाले, "पोरी, साठ वर्षं मी पाखरांच्या नुसत्या पाठी पाहिल्या."

"उद्या सकाळी परत या, आबा," भिवरा म्हणाली. "फक्त खोकला घरी ठेवून या."

तात्पर्य: चूक फार वर्षे केली की तिची रीत होते, शहाणपण होत नाही.